टाकीची दुसरी किल्ली: प्रकल्प नोंदी, एप्रिल ते ऑक्टोबर २०२५

गाव नाशिक तालुक्यातलं, गिरणाऱ्याच्या पलीकडे. द्राक्ष, टोमॅटो, थोडा कांदा. गावाचं सांडपाणी ज्या ओहोळात उतरतं तो पुढे गंगापूर धरणाच्या जलाशयाला मिळतो, आणि त्या धरणाचं पाणी नाशिक शहर पितं. मी गट संसाधन केंद्रात समूह समन्वयक आहे, कंत्राटी. पाणी, सांडपाणी, कचरा ही माझी कामं. रोजच्या वहीतल्या नोंदी इथे उतरवल्या आहेत. गावाचं आणि माणसांची नावं काढली. गावात जशा हाका मारतात तशा ठेवल्या.

३ एप्रिल, गुरुवार

पावसाळ्यापूर्वीचं स्वच्छता सर्वेक्षण सुरू. वर्षातून दोनदा होतं, एप्रिलात आणि ऑक्टोबरात. आरोग्य सेवक, जलसुरक्षक आणि मी, तिघंही प्रत्येक सार्वजनिक स्रोतापाशी जाऊन प्रपत्रातले प्रश्न वाचतो आणि समोर दिसतं ते लिहितो. जोखीम जास्त तर गावाला लाल कार्ड, मध्यम तर पिवळं, कमी तर हिरवं. सलग पाच वर्षं हिरवं टिकलं आणि साथ आली नाही तर चंदेरी.

हातपंप चार, त्यातले दोन चालू. शाळेची टाकी ठीक. पण सगळं गाव पितं ते योजनेच्या विहिरीचं पाणी, आणि विहिरीची अवस्था वाईट. कठड्याला पूर्वेकडून भेग. ओटा उखडलेला, सांडलेलं पाणी तिथेच मुरून परत विहिरीत जातंय. वरची जाळी अर्धीच. पूर्वेला ओळीने तीन उकिरडे. जवळचा टेपने मोजला, ११ मीटर. किमान १५ हवेत.

कठड्याला टेकून कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या. सात. कुठून आल्या हे विचारावं लागलं नाही, कारण ट्रॅक्टर तिथेच उभा होता. द्राक्षवाले फवारणीचा ब्लोअर भरायला इथे येतात. पंपाच्या नळीला पाइप जोडलेला, आणि पाइपाचं टोक ब्लोअरच्या टाकीतल्या औषधाच्या पाण्यात बुडलेलं. वीज गेली, पंप थांबला, की ते पाणी त्याच पाइपातून उलटं विहिरीत ओढलं जाणार. ट्रॅक्टरवाल्या भाऊला हाताने वाट दाखवली: इथून असं, असं आणि खाली. तो गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, हे कधी डोक्यातच आलं न्हाई. आमची पोरंबी हेच पाणी पितात." टोक लगेच वर घेतलं, पाण्यापासून वीतभर.

गावाला लाल कार्ड लागणार, हे विहिरीपाशीच कळलं.

७ एप्रिल, सोमवार

सकाळी पाणी सुटलं तेव्हा चार ठिकाणी ओटी (ऑर्थोटोलिडीन चाचणी) केली. परीक्षानळीत नळाचं पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे, हलवायचं, रंग पट्टीशी लावायचा. क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी पिवळं होतं. शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं, कारण वाटेत पाइपात जी घाण शिरेल तिच्याशी झुंजायला तेवढंच असतं.

टाकीखालचा नळ: फिकट पिवळा. शाळा: त्याहून फिकट. गावठाणातला चौक: पांढऱ्या कागदासमोर धरला तरच पिवळेपणा कळतो. खालची वाडी, शेवटचा नळ: काही नाही. नळी उन्हात धरून पाहिली. काचेसारखं स्वच्छ पाणी. वाडीतल्या मावशी म्हणाल्या, "बघा, आमचं पाणी किती निर्मळ." त्यांना समजावून सांगताना मला जड गेलं.

८ एप्रिल, मंगळवार

टाकीतच क्लोरीन कमी का, याचा माग.

नाना जलसुरक्षक. वीस वर्षं तेच काम. पहाटे पाचला पंप, सातला व्हॉल्व्ह. टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) चहाच्या कपाने मोजतात. भाऊसाहेबांचं (ग्रामपंचायत अधिकारी, गावाच्या तोंडी अजून ग्रामसेवकच) म्हणणं, नाना अंदाजपंचे टाकतात. मी कप घेऊन किराणा दुकानात गेले आणि तराजूवर सपाट भरलेला कप ठेवला. ११५ ग्रॅम. नाना दोन कप आणि वर एक चिमूट टाकतात. टाकी ५०,००० लिटरची, हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने २५० ग्रॅम लागते. म्हणजे नानांचा हात जवळपास बरोबर होता.

मग दोष पावडरीत. पोतं कार्यालयाच्या कोपऱ्यात, ओल आलेल्या भिंतीला लागून, तोंडाला सुतळी. पावडरीचे खडे झालेले, वासही मंद. टीसीएलला दमट हवा आणि उजेड सोसत नाही. त्यातला क्लोरीन उडून जातो आणि उरतो तो चुना. नमुना तपासणीला दिला.

१६ एप्रिल, बुधवार

पावडरीचा अहवाल: क्लोरीन १४ टक्के. चांगल्या पावडरीत ३३ च्या आसपास असतो, २० च्या खालची वापरायची नसते. नाना रोज बरोबर वजनाचं निम्मंअर्धं औषध टाकत होते. त्यांना अहवाल वाचून दाखवला. बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "म्हंजे माझं चुकत नव्हतं." भाऊसाहेब समोरच होते. त्यांनी मान हलवली. मला तेवढं पुरलं.

नवं पोतं येईल ते लाकडी फळीवर, झाकणाच्या ड्रममध्ये. पोत्यावरची तारीख वहीत लिहायची.

विहिरीच्या पाण्याचाही अहवाल आला. जैविक दूषित. नायट्रेट लिटरमागे ५१ मिलिग्रॅम, मर्यादा ४५. जंतू क्लोरीनने मरतील. नायट्रेटवर क्लोरीन चालत नाही, आणि पाणी उकळलं तर ते उलट दाट होतं. तान्ह्या बाळांच्या रक्तातली प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने घटते. ते येतं उकिरड्यातून, संडासाच्या खड्ड्यातून आणि बागेला दिलेल्या जादा युरियातून, मुरमातून झिरपत. म्हणजे विहिरीच्या आजूबाजूची जमीन सांभाळणं हाच त्यावरचा उपाय.

२२ एप्रिल, मंगळवार

दिवसभर कागद.

एका विहिरीकडे जिल्हा परिषदेचे किती विभाग पाहतात ते आज मुद्दाम लिहून काढलं. विहीर, पंप, टाकी, पाइप: ग्रामीण पाणीपुरवठा. पाण्याची शुद्धता, टीसीएल, कार्ड: आरोग्य. सांडपाणी, कचरा, संडास: पाणी व स्वच्छता, म्हणजे आम्ही. उकिरड्याचं शेणखत आणि युरिया: कृषी. शेवटच्या नळावर हात धुणारी लेकरं: महिला व बालकल्याण, शिक्षण. प्रत्येकाचं प्रपत्र वेगळं, आणि पाणी सगळ्यांचं एकच. म्हणून माझ्या वहीत एक पान नकाशाचं आहे: विहीर, तीन उकिरडे, ओहोळ, टाकी, मुख्य पाइप, चार व्हॉल्व्ह, वाडीचा शेवटचा नळ. कोणाशीही बोलताना आधी ते पान उघडते.

पैसा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ८० टक्के थेट ग्रामपंचायतीला येतो, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला १०-१० टक्के. त्यातला ६० टक्के बंधित: निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. ओटा, जाळी, कठडा यातून बसतं. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांखालच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये आणि घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत मिळतात. आपली लोकसंख्या २,१०० धरली तर ५,८८,००० आणि १,२६,०००. पैसे अपुरे नाहीत, हे सरपंचताईंना आकड्यांसकट दाखवलं.

२९ एप्रिल, मंगळवार

महिला ग्रामसभा. उद्या आखाजी (अक्षय तृतीया), तरी चाळीसेक जणी आल्या. उकिरड्यांचा विषय काढला आणि आक्का उभ्या राहिल्या.

"उकिरडा म्हंजे कचरा न्हाई, बाई. माझ्या सासऱ्यानं उकिरड्यावर कर्ज फेडलंय. द्राक्षवाले ट्रॉलीला रोख पैसे देतात. तुमी त्याला घाण म्हनता."

खरं होतं. मी गेली चार वर्षं भाषणांत "उकिरडे हटवा" म्हणत आले. ज्या घरात दोन गाई आणि पाऊण एकर आहे, त्या घराची ती ठेव आहे. हटवा म्हटलं की बाई दार लावून घेते. आक्कांना म्हटलं, घाण शब्द मागे घेते. आणि नकाशाचं पान उघडून उकिरड्यापासून विहिरीपर्यंत बोट फिरवलं. त्या वाकून पाहत राहिल्या.

१ मे, गुरुवार

ग्रामसभा. जिल्हा परिषदा महाराष्ट्रात सुरू झाल्या त्या १९६२ च्या १ मेपासूनच. २०२२ च्या मार्चपासून आमच्या जिल्हा परिषदेत निवडून आलेले सदस्य नाहीत, प्रशासक कारभार पाहतात. गटाचा सदस्य नाही म्हटल्यावर गावकऱ्याने गाऱ्हाणं मांडायची जागा म्हणजे ही ग्रामसभाच. म्हणून मी ती चुकवत नाही.

शंभराची गणपूर्ती झाली. लाल कार्ड सर्वांसमोर सरपंचताईंच्या हाती दिलं. कोणी हसलं नाही. ठराव: विहिरीचा ओटा, कठडा, जाळी, ब्लोअरसाठी ओहोळाच्या खालच्या अंगाला वेगळा नळ, तीन उकिरडे हलवून नॅडेपची, म्हणजे खत करायची विटांची टाकी.

९ मे, शुक्रवार

पहिला उकिरडा हलला. आक्कांचाच.

नॅडेपची टाकी मूळची आपल्या यवतमाळची, पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच. विटांमध्ये खिडक्या ठेवायच्या म्हणजे हवा खेळते. पालापाचोळा, शेणकाला, माती असे थर. उघड्या ढिगाऱ्यातलं सत्त्व पावसाने वाहून जातं. टाकीत ते राहतं आणि थोड्या शेणात जास्त खत होतं. आक्कांना पटलं ते या हिशेबाने, आरोग्याच्या भाषणाने नाही. गवंड्याने सगळ्या विटा सांध्यात घट्ट भरायला घेतल्या होत्या. आक्कांनीच त्याला थांबवलं: "फटी ठेव रं, त्यानं श्वास घ्यायला पायजे."

जुना ढिगारा उचलला तेव्हा खालची जमीन हातभर खोलपर्यंत काळी आणि ओलसर निघाली. विहिरीच्या बाजूने जास्त. फावड्याने सरळ कापलेल्या मातीत ती काळी जीभ विहिरीकडे गेलेली स्पष्ट दिसत होती. जमलेल्या माणसांनी ती आपापली वाकून पाहिली. मला बोलावं लागलं नाही.

१९ मे, सोमवार

आठवडाभर अवकाळी. शेतातला कांदा भिजला, ओट्याचं काम थांबलं. आज लोकांशी ओट्याबद्दल बोलणं बरं नव्हतं.

२७ मे, मंगळवार

मोसमी पाऊस राज्यात पोचला, नेहमीपेक्षा बराच आधी. ओटा अर्धवट. मी काम संपायची मुदत जूनच्या पहिल्या आठवड्याची धरली होती. ती मेच्या मध्याची धरायला हवी होती. विहिरीला गढूळ पाणी. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळाशीच खर्च होतो, म्हणून पावडर जास्त टाकावी लागते.

विहिरीचा हिशेब नानांबरोबर पुन्हा केला: व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५. सहा मीटर व्यास, तीन मीटर पाणी: ८४,७८० लिटर. पावडर सव्वाचारशे ग्रॅम. नाना म्हणाले, "हे भिंतीवर लिवून ठेवा." खडूने लिहिलं, नंतर रंगाने लिहायचं.

पाण्याचा नमुना आज फुकट गेला, चूक माझी. जैविक तपासणीच्या निर्जंतुक बाटलीत थोडं सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं, ते पाण्यातला क्लोरीन तिथल्या तिथे निकामी करतं. नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत वाटेतच जंतू मरतात आणि अहवाल खोटा चांगला येतो. मदतीला आलेल्या पोराने बाटली नळाखाली दोनदा स्वच्छ खंगाळली. त्याने मनापासून केलं. मी आधी सांगितलं नव्हतं. उद्या पुन्हा, बर्फाच्या पेटीतून, चोवीस तासांच्या आत.

११ जून, बुधवार

नाना वारीला गेले. त्र्यंबकेश्वरच्या निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर. भावकीतल्या पोराला पंप आणि व्हॉल्व्ह दाखवून गेलेत.

२० जून, शुक्रवार

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आशाताईंचा फोन. खालच्या वाडीत रात्रीपासून जुलाब-उलट्या, चार जण, त्यात अंगणवाडीतलं एक लेकरू.

पाऊण तासात पोचले. आरोग्य सेवक आणि उपकेंद्राच्या ताई माझ्या आधी आल्या होत्या. ओआरएस सुरू झालं होतं, लेकराला झिंक. त्याचे डोळे आत गेलेले, कातडी चिमटीत धरली तर सावकाश खाली बसत होती. त्याला गाडीने दवाखान्यात हलवलं.

मी टाकीकडे गेले. ओटी: काही नाही. शेवटच्या नळाला नाही हे एक, पण इथे टाकीलाच नाही. खोलीला कुलूप. किल्ली पोराकडे, पोरगा शेतात. तो धापा टाकत आला, उघडलं. ड्रम अकरा तारखेपासून जसाच्या तसा. पोराचा चेहरा पडला. "मला व्हॉल्व्हच सांगितला होता, ताई. पावडरीचं कोणी बोललं न्हाई." पोराचा दोष नव्हता. अकरा तारखेची नोंद माझ्याच हातची आहे: पंप आणि व्हॉल्व्ह. टीसीएल कोण टाकणार, हे मी विचारलं नाही. वीस वर्षं एका माणसाने चुकवलं नाही, म्हणून ते काम आहे हेच आम्हा कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

क्लोरीन नव्हता, पण जंतू वाडीतच का, गावठाणात का नाही? पाइप धरून चालत गेले. वाडीच्या अलीकडे रस्त्याकडेला व्हॉल्व्हचं चेंबर आहे. वरचा दगड बाजूला केला तर आत गटाराचं काळं पाणी काठोकाठ, व्हॉल्व्ह त्यात बुडालेला. पॅकिंग गळकं. पाणी सुटतं सकाळी तासभर. तेव्हा पाइपात दाब असतो, गळती बाहेर. उरलेले तेवीस तास पाइप रिकामा होत जातो आणि आत ओढतो. वाडीच्या नळावर ओला तळहात ठेवून पाहिला. हात चिकटला, आणि नळाने हळूहळू आत खेचला. चेंबरमधलं पाणी याच ओढीने घराघरात गेलं.

तिथे चिखलात उभी असताना मला जे वाटलं ते लिहिणार नाही.

पुरवठा बंद. टँकर. घरोघरी मेडिक्लोर (पिण्याच्या पाण्यात टाकायचं क्लोरीनचं द्रावण). ड्रिपच्या पंपाने चेंबर उपसलं, संध्याकाळी पॅकिंग बदललं.

२२ जून, रविवार

टाकी रिकामी करून घासली, दुप्पट मात्रेने भरली, अर्धा तास ठेवून पाइप धुतले. रुग्ण एकूण नऊ. काल दुपारनंतर नवा नाही. लेकरू दवाखान्यातून घरी आलं, आजीच्या मांडीवर भात खात होतं.

२ जुलै, बुधवार

अंगणवाडीत बैठक. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण द्यायचं असतं. आपल्याकडेही झालं होतं. तपासणी संच अंगणवाडीच्या कपाटात, पुठ्ठ्याच्या खोक्यात, सीलसकट. दोन रसायनांची मुदत संपलेली. नवी मागवली.

पाच जणींना वाढीव काम द्यायला आले होते, नाही म्हणतील अशी तयारी ठेवली होती. आक्कांच्या सूनबाईंनी विचारलं, "म्हंजे नाना नसले तर पावडर आमी टाकू शकतो?" मी हो म्हटलं. "मग तेच शिकवा. निस्तं तपासून काय करायचं?"

वार वाटून घेतले.

८ जुलै, मंगळवार

नाना एकादशी करून एसटीने परतले. कपाळाला बुक्का. गावात काय झालं ते त्यांना पंढरपुरातच फोनवर कळलं होतं. माझ्यासमोर ते टाकीच्या पायरीवर बसले.

"माझ्या हातातलं काम होतं ते. मी कोनाला शिकवलंच न्हाई. पंप शिकवला, पावडर न्हाई. ते काम मला मोठं वाटलंच न्हाई कधी."

म्हटलं, नाना, विचारायचं काम माझं होतं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठून खोली उघडली आणि सूनबाईंना हाक मारली.

नानांनी शिकवलेलं जसंच्या तसं लिहून ठेवते. बादली प्लास्टिकची, लोखंडी नाही. पावडरीत आधी थोडंच पाणी, आणि काठीने चटणीसारखं वाटायचं, गुठळी राहू द्यायची नाही. मग बादली पाऊण भरायची आणि सोडून द्यायची. "आता बसायचं. चुना खाली बसू द्यायचा, पोरी. घाई केली की नळाला पांढरं येतं, वास मारतो, आन लोक म्हनतात टाकू नका." दहा मिनिटं दोघंही नुसते बसले. वरची निवळी टाकीत, तळाचा चुना बाहेर खड्ड्यात. टाकल्यावर अर्ध्या तासाने व्हॉल्व्ह, त्याआधी नाही.

माझ्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत निवळीला एक ओळ आहे. लोक टीसीएलला का वैतागतात याचं कारण त्या ओळीत नव्हतं, ते नानांनी सांगितलं.

२३ जुलै, बुधवार

पाऊस. सांडपाण्याचे शोषखड्डे आता खणता येत नाहीत, जागा फक्त आखल्या: जिथे मुरूम आहे तिथेच, विहिरीपासून १५ मीटरच्या बाहेर. टोमॅटोचं मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरतात ते प्लास्टिक) बांधावर जाळतायत, धूर शाळेपर्यंत येतो. सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये ते घ्यायचं, घडी करून, माती झटकून. शेतकऱ्यांशी बोलणं सुरू केलंय. अजून दोघंच तयार.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंड्यानंतर ग्रामसभा. ठराव: दुसऱ्या जलसुरक्षक म्हणून सूनबाई, मानधन ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीतून. एकाने विचारलं, बाईमाणसाला पहाटे टाकीवर कसं पाठवायचं? नाना उठले. "पहाटे मी जातो. मी नसेन तवा ती जाईल, आन तिच्यासंगं तिचा नवरा कंदील धरून जाईल." नवरा मागे उभा होता, हो म्हणाला. ठराव मंजूर.

पाणीपट्टीची थकबाकी वाचून दाखवली. जूनमध्ये नऊ घरांत आजार गेला, त्या सगळ्या घरांनी आठवडाभरात भरली. बाकीच्यांचं चालू आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. दरवर्षी बैल विहिरीच्या ओट्यावर धुतात. यंदा ओहोळाच्या खालच्या अंगाला नवा हौद, ब्लोअरच्या नळाशेजारी. सकाळी दहापर्यंत एकवीस बैल तिथे धुऊन गेले, शिंगांना हिंगुळ लावायलाही तिथेच बसले. नवा ओटा कोरडा.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पावसाळ्यानंतरचं सर्वेक्षण, तेच प्रपत्र. ओटा पूर्ण, उताराची नाली ओहोळाच्या खालपर्यंत. जाळीला कुलूप. बाटल्या शून्य. उकिरडे दोन हलले. तिसऱ्याच्या मालकाची जागेवरून भावाशी तक्रार आहे, तो अजून तिथेच. वाडीचं चेंबर कोरडं, तळाला खडी. बाकी तीन चेंबरांपैकी एक अजून ओलं.

ओटी सूनबाईंनी केली. टाकी, शाळा, चौक, वाडी. वाडीच्या नळाची नळी त्यांनी मावशींच्या हातात दिली. फिकट पिवळा. मावशींनी विचारलं, "आता हे चांगलं म्हनायचं ना?" हो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पिवळं कार्ड. तिसरा उकिरडा आणि ओलं चेंबर यामुळे हिरवं मिळालं नाही, आणि ते बरोबर आहे.

जैविक अहवाल चांगला, यावेळी बाटली कोणी खंगाळली नाही. नायट्रेट ४८. मुरमात मुरलेलं निघायला वेळ लागेल. तोवर तान्ही बाळं असलेल्या तीन घरांना शाळेजवळच्या हातपंपाचं पाणी. त्याचं नायट्रेट मर्यादेत आहे. आशाताईंनी तिन्ही घरी जाऊन सांगितलं. द्राक्ष छाटणी सुरू आहे, पुढच्या आठवड्यात कृषी सहायकांबरोबर युरियाच्या मात्रेवर बांधावरच बैठक.

टाकीच्या खोलीची दुसरी किल्ली करून घेतली. सूनबाईंच्या घरी, दाराच्या आतल्या खुंटीला. नाना कार्तिकीला जायचं म्हणतायत. पावडरीच्या वहीत ३० ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबरच्या रकान्यांत सूनबाईंचं नाव आजच लिहिलं, शाईने, आणि नानांनी शेजारी सही केली.